सड्यावरची अकरा

३ ऑक्टोबर १९२८

कचेरीचा कागद आला. वडिलांना, म्हणजे भाऊंना, दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना मधेच थांबून मला पाणी प्यावं लागलं.

गावाने अर्ज केला आहे. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरची, रानटी घोडी नाचणी-वरी खातात, तरी त्यांना गोळी घालण्याचा परवाना मिळावा. खाली चार सह्या आणि सत्तावीस अंगठे. पहिला अंगठा राहीचा, कारण तिचं शेत सड्याला अगदी लागून आहे. ही सगळी माणसं आमच्या अंगणातून जाता-येता भाऊंची विचारपूस करतात. राहीने तर परवा मला दोन काकड्या आणून दिल्या. तेव्हा हा अंगठा लावून झालेला होता.

भाऊंनी मागेच उलट अर्ज पाठवला होता, की घोडी पिकात उतरत नाहीत, ती या भागातली दुर्मीळ जात आहे, आधी नीट पाहणी व्हावी. त्यावर आज उत्तर आलं. मामलेदारसाहेब तीस तारखेला फिरतीवर आमच्या कातळोलीस येणार आहेत. ज्याला जे सांगायचं ते पुराव्यासह तेव्हा सांगावं.

"पुरावा म्हणजे पाहिलेलं," भाऊ म्हणाले. "मथू, कॅमेरा काढ."

भाऊ रत्नागिरीस सर्व्हे खात्यात होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं डावं अंग गेलं आणि आम्ही इथे आनंदीआत्याकडे राहायला आलो. त्यांना सड्यावर चढता येत नाही. म्हणजे पाहायचं मी, फोटो काढायचे मी, आणि तीस तारखेला बोलायचंही मीच.

आत्या म्हणाली, "ही कुठल्या शाळेत गेली म्हणून साहेब हिचं ऐकतील?"

"माझ्या," भाऊ म्हणाले.

ते खरं आहे. अक्षर, गणित, इंग्रजी, फोटो धुणं, सगळं मला भाऊंनी घरीच शिकवलं. पण जे भाऊंना ठाऊक नाही ते मलाही ठाऊक नाही, हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं.

५ ऑक्टोबर

आज सड्यावर गेलो. मी, आत्या आणि गंगाराम. माझ्यासारख्या मुलीने एकटं जाणं बरं नव्हे म्हणून आत्या छत्री आणि जपमाळ घेऊन आली आणि करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसली. गंगारामाने कॅमेऱ्याची पेटी आणि ती उभी करायचं तिकाटणं उचललं. हा माणूस पूर्वी तट्टांवर मीठ, तांदूळ, नारळ लादून आंबा घाटातून मलकापुरास जात असे. मोटारी सुरू झाल्या, धंदा बसला. आठ वर्षांपूर्वी तट्टं घाटावर विकून आला, आता मजुरी करतो. त्याला सड्यावरचा प्रत्येक झरा माहीत आहे.

"ताई, वाऱ्याच्या खाली बसा," तो म्हणाला. "त्यांस आदी वास येतो, माणूस मागनं दिसतो."

अकरा आहेत. मी तीनदा मोजली. एक काळसर घोडा, चार मोठ्या घोड्या, दोन तरुण घोड्या, दोन तरुण घोडे, दोन शिंगरं. घोडा पुढे चालत असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. पुढे चालते ती एक मळकट पांढरी घोडी, तिच्यामागे बाकीच्या आपापल्या पोरांसह, आणि घोडा सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून मागे राहिलेल्यांना हाकत येतो. एक शिंगरू पाण्याशी रेंगाळलं तर तो परत गेला आणि त्याला घेऊन आला.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आहे. डाव्या बाजूला दिसलं ते, उजव्या बाजूला वाटलं ते. भाऊंची शिस्त. मी घोड्यांना आकडे द्यायचं ठरवलं, कारण नावं दिली की लळा लागतो. पण गंगाराम मधेच म्हणाला, "ढवळी आज लंगडतेय." नाव कोणी ठेवलं, विचारलं. म्हणाला, "ढवळी हाय म्हणून ढवळी."

डावीकडे: क्रमांक एक पुढच्या उजव्या पायाने किंचित लंगडते. (मला तो लंगडेपणा दिसला नव्हता. गंगारामाने सांगितल्यावर दिसला.)

८ ऑक्टोबर

महत्त्वाची गोष्ट सापडली. चारही मोठ्या घोड्यांच्या पाठीवर, खांद्याच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे डाग आहेत. रुपयाएवढे, कुठे तळहाताएवढे. काळ्या घोड्याला नाहीत. तरुण घोड्यांना नाहीत, शिंगरांना नाहीत.

उजवीकडे लिहिलं: डाग फक्त माद्यांना, आणि पूर्ण वयात आल्यावर येत असावेत.

फोटोच्या काचा धुऊन भाऊंना दाखवल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला. "ही जातीची खूण," ते म्हणाले. "मथू, ही कुठल्या तरी जुन्या फौजेतली सुटलेली घोडी नव्हेत. ही इथलीच जात आहे." ते मला निबंध सांगणार आहेत, मुंबईच्या एका सृष्टिविज्ञान मंडळासाठी.

फोटो पाहताना गंगाराम दारात उभा होता. भाऊंनी त्यालाही डाग दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "साफ दिसतंत." मग पेटी ठेवून लगेच गेला.

११ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

काळ्या घोड्याने आपल्याच मुलाला घराबाहेर काढलं. दोन तरुण घोड्यांतला मोठा. सकाळपर्यंत तो आईच्या मानेवर मान टाकून उभा होता. बापाने एकदम कान मागे टाकून त्याच्या मानेला चावा घेतला. पोरगं पळालं, फिरून आईकडे आलं. पुन्हा चावा, पुन्हा लाथ. असं दोन तास. आई मधे पडेल असं मला वाटत होतं. तिने मान वर करून एकदा पाहिलं आणि चरायला लागली. आता तो लांब एका खडकाशी एकटा उभा आहे. मी कॅमेऱ्यात काच घालायचीच विसरले. रिकामीच झडप दाबली.

"घरात दोन दादले मावत न्हायत," गंगाराम म्हणाला. "जाईल आपलं दुसरं घर कराय."

आत्या जाळीतून म्हणाली, "घोड्यांच्या सोयरिकी लिहून झाल्या की स्वतःचीही लिही एखादी."

१२ ऑक्टोबर

वाटेत दादू भेटला. गावात बंदुकीचा परवाना त्याच्याकडेच आहे, म्हणजे गोळी घालणार तोच. मी थांबून विचारलं, की मुक्या जनावरांवर बंदूक चालवताना तुमचा हात कापणार नाही का.

तो हसू लागला. "माज्या बंदुकीनं अजून कावळा पन मेला न्हाय. तुमी कशास घाबरताव?"

मी म्हटलं, घोडा कावळ्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. त्यावर तो आणखीच हसला. जिवावरची गोष्ट आणि हा हसतो. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "चार वर्षांपूर्वीही असाच अर्ज झाला होता."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? पीक निघालं, सगळे विसरले."

यावरून माणसं किती सहज असलं काही मागतात आणि विसरतात हे दिसतं. यंदा विसरतीलच याचा काय भरवसा?

१७ ऑक्टोबर

व्हायचं तेच झालं. आणि ते मी पाहिलं.

सकाळी नऊच्या सुमारास ढवळी खाली उतरली आणि राहीच्या शेताभोवतीच्या गडग्याचा जिथे दगड ढासळला आहे तिथून सरळ नाचणीत शिरली. मागून सगळी. नाचणीची कणसं भरलेली आहेत. ती शांतपणे, जणू त्यांच्यासाठीच पेरलेलं असावं तशी खात होती. मी काच घातली आणि फोटो घेतला. पाहिलेलं ते पाहिलेलं.

राही खालून धावत आली. ढेकूळ फेकलं, तेही लांबच पडलं. "ढवळे, भायेर हो, मुडद्या, हो भायेर." आणि ढवळी तोंडात कणसं तशीच धरून निघाली. राहीलाही ते नाव माहीत आहे. गंगारामाने सांगितलं असावं.

मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू बघत बसलीस?"

मी म्हटलं, मला पाहायचंच काम दिलं आहे.

"मंग तुजी ती पेटी आण नि ठेव माज्या चुलीवर. काय शिजतं तां बघू."

तिचं जवळजवळ अर्धं दाल गेलं आहे. दाल म्हणजे शेताचा तो उतरता तुकडा. तिच्या घरात तिच्याशिवाय कोणी मिळवतं नाही. तीही खोटी नाही आणि घोडीही खोटी नाहीत. मी फोटो काढला तो कोणाच्या बाजूचा?

दुपारी परतताना पाहिलं, गंगाराम राहीचा गडगा रचत होता. सकाळी माझं काम, दुपारी हिचं. परोपकारी माणूस आहे.

१९ ऑक्टोबर

भाऊ म्हणतात, एकदाच उतरली, तो अपवाद. नाचणीतली काच पुराव्यात द्यायची गरज नाही. मी म्हटलं, पंधरा दिवसांत एकदा उतरली असं मी लिहिलं आहे, मग काचही दिली पाहिजे. ते म्हणाले, "माझीच शिकवण." आणि तोंड भिंतीकडे केलं.

ही काच मी साहेबांच्या हातात दिली की अकराच्या अकरा मरतील. न दिली तर मी खोटी. दोन दिवस घास उतरत नाही. आत्याला वाटतं मला ऊन बाधलं.

निबंध मात्र आज पुरा होऊन मुंबईस गेला. त्यात पाठीवरच्या डागांना एक संबंध पान आहे.

२४ ऑक्टोबर

काल दसरा. गंगाराम सकाळी कामावर आला नाही, म्हणून मी आणि आत्या जवळच्याच झऱ्यापर्यंत गेलो. दुपार उलटून गेली होती. ढवळी समोरून पाण्यावर आली आणि प्रथमच माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. उन्ह तोंडावर होतं, मी उन्हाकडे बघून डोळे बारीक करत घाईघाईत झडप दाबली.

आज काच धुतली. छाप काढून उजेडात नेला आणि खाली बसले. तिच्या कपाळावर मधोमध काळा उभा ओघळ आहे. रक्त. आमच्या काचेत तांबडं नेहमी काळं उमटतं. म्हणजे कोणीतरी परवान्याची वाट न पाहताच तिच्या कपाळावर नेम धरला.

डावीकडे लिहिलं: क्रमांक एक, कपाळावर जखम. उजवीकडे काहीच लिहवलं नाही. भाऊंना अजून सांगितलेलं नाही. उद्या उजाडताच जाणार.

२५ ऑक्टोबर

जखम नाही. कुंकू आहे.

भाऊंच्या दुर्बिणीतून पाहिलं, आत्यालाही दाखवलं, कारण माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. आत्या म्हणाली, "कुंकूच की. आणि खुरांना हळद." कातळावर झेंडूची चुरगळलेली, अर्धी खाल्लेली माळ पडली होती. रानटी घोडीच्या कपाळाला हात लावून कोणी कुंकू लावलं, आणि तिने लावून घेतलं.

गंगाराम पेटी खांद्यावरून उतरवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"दसऱ्यास आपल्या जनावरास कुंकू लावायचं नाय तं कोणाच्या लावायचं, ताई? चौघी माज्या. बाकीची हितं झाली."

"तुम्ही विकली होती ना?"

"कोण घेतो? मलकापुरास चार बाजार बसलो. खाटकाबिगर कोण इचारी ना. मंग आणली माघारी, हितं आणून तोंडावरच्या मोहरक्या काढल्या नि ग्येलो खाली. गावात सांगितलं इकली."

मी डागांबद्दल विचारलं. का विचारलं कोण जाणे. तो ढवळीकडे गेला. ती पळाली नाही. त्याने कनवटीचं मीठ काढून तिला चाटू दिलं आणि तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या केसांवर तळहात ठेवला. तळहाताने डाग बरोबर झाकला गेला.

"खोगीर घासून जखम व्हते. बरी झाली का तितं पांढरं क्यास येतात. ह्यो डाव्या ओझ्याचा, ह्यो उजव्या. मिठाच्या गोणी, त्यात पावसाचं पाणी. माजाच हात हाय ह्यो, ताई. जात कसली?"

मी कातळावर बसले. एक संबंध पान. ते पान मी माझ्या हाताने, चांगल्या अक्षरात लिहिलं होतं.

उतरताना गंगाराम म्हणाला, "तुमी लिवताव तां लिवा. पन बोलू नका."

"का?"

"बोलू नका. झालं."

भीती वाटत असणार. गाव त्याला वाळीत टाकेल, आठ वर्षं फसवलं म्हणून.

२६ ऑक्टोबर

भाऊंना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. बसला. पण मग त्यांनी कपाटातलं कायद्याचं जुनं पुस्तक मागितलं आणि एका हाताने पानं उलटत राहिले. तासाभराने म्हणाले, "मथू, सुटली."

रानटी जनावर पिकात शिरलं तर साहेब परवाना देऊ शकतात. पण ज्याला मालक आहे ते जनावर रानटी नव्हे. त्याला गोळी घालता येत नाही.

मी ते कलम चार वेळा वाचलं. खरं आहे. म्हणजे खरं बोलल्याने ती वाचतात, आणि मला एकही काच लपवावी लागत नाही. नाचणीची काच, कुंकवाची काच, सगळं देता येतं. इतक्या दिवसांत मला प्रथमच पोटभर जेवण गेलं.

गंगारामाने बोलू नका म्हटलं होतं. त्याचा संकोच एका बाजूला आणि अकरा जीव दुसऱ्या बाजूला. मी मनाशी पुष्कळ वेळ तोलून पाहिलं. लोकांनी त्याला चार शब्द सुनावले तर मी स्वतः सांगेन की त्याने त्यांच्यावर माया केली.

हे त्याला आधी सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून सांगितलं नाही. हे मी लपवलं, हे इथे लिहून ठेवते.

३० ऑक्टोबर

जे झालं ते क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करते.

मामलेदारसाहेब देवळाच्या मंडपात बसले होते. गाव खाली बसला होता. अर्ज वाचला गेला. साहेबांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे? मी उभी राहिले. छाप एकेक करून टेबलावर ठेवले. साहेबांनी ते मन लावून पाहिले. नाचणीचा फोटो पाहून म्हणाले, "हा तर तुमच्या विरुद्ध आहे."

"जे पाहिलं ते सगळं आणलं आहे," मी म्हटलं. "पण ही घोडी रानटी नाहीत. त्यांना मालक आहे." आणि कुंकवाचा फोटो ठेवला.

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं होतं लोक चकित होतील, गंगारामाकडे वळून बघतील. एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळे जमिनीकडे पाहत होते. राही पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"मालक कोण?" साहेबांनी विचारलं.

मी नाव घेतलं.

"गंगाराम, खरं का?"

तो खांबाशी उभा होता. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलेलं. "व्हय साहेब. माजीच."

तेव्हा दादू एकदम उठला. "साहेब, आमची काय तक्रार न्हाय. अर्ज फाडून टाका." मागून आणखी दोघे उठले, मग दहा, मग बायकाही. राही म्हणाली, "माजा अंगठा काडून टाका, रावसाहेब. माजी नाचणी ग्येली तं ग्येली."

साहेब चिडले. "तुम्हीच अर्ज करता आणि तुम्हीच नको म्हणता? मालक कबूल झाला आहे. आता हे प्रकरण रानटी जनावराचं राहिलं नाही, मोकाट गुरांचं झालं."

मग त्यांनी कारकुनाला हुकूम सांगितला. गोळीचा अर्ज रद्द. मालकाला जनावरं बांधून ठेवण्याची ऐपत नसल्याने सर्व जनावरं तीन दिवसांत लांज्याच्या कोंडवाड्यात जमा करावीत, आणि तिथून बाजारी त्यांचा लिलाव व्हावा.

"साहेब, ती ओझ्याला जातील," मी म्हटलं.

"तट्टं आहेत, बाई. ओझ्यालाच जाणार." आणि अगदी चांगुलपणाने म्हणाले, "तुमच्यामुळे त्यांचे जीव वाचले. असा काळजीपूर्वक केलेला पुरावा मी कचेरीतही पाहत नाही."

घरी कशी आले आठवत नाही. कलम कुठे संपतं ते आम्ही पाहिलं होतं. पुढचं पान उलटलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर

राहीकडे गेले. ती नाचणी झोडत होती, जी उरली होती ती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"घोडी गंगारामाची आहेत ते."

तिने हातातलं दांडकं खाली ठेवलं. "बाय, आमास काय डोळं न्हायत? पाच वर्सं ढवळी माज्या दारावरनं मलकापुरास ग्येली नि आली. ती सड्यावर दिसली तं मी वळखणार न्हाय?"

"मग अर्जात रानटी का लिहिलं?"

"गंगारामाचं नाव येऊ नये म्हनून. रानटी म्हटलं का कोणाचं न्हाय. साहेब परवाना देतो, दादू दोन बार हवेत काडतो, ती पळतात पलीकडल्या सड्यावर. आमची नाचणी घरात येती. मंग येतात आपली माघारी. चार वर्सांमागं ह्येच क्येलं. त्याआदीपन. आनि माजा गडगा तो रचतो तां कशापायी? मी त्यास ईचारत न्हाय, तो मला सांगत न्हाय."

मी सांडलेलं एक कणीस उचलून ढिगात टाकलं.

"तुज्या भाऊंनी अर्ज क्येला, तवा गंगाराम म्हनाला, येऊदे, पोर बघंल, फोटू काडंल, सादी पोर हाय." तिने दांडकं पुन्हा उचललं. "सादी न्हाय तू. तू मोप शिकलीस."

ती हे रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

या सत्तावीस अंगठ्यांकडे मी अठ्ठावीस दिवस पाहते आहे. ते अंगठे माणसाला वाचवण्यासाठी लावलेले होते. माझ्या वहीत प्रत्येक गोष्ट डाव्या बाजूला बरोबर लिहिलेली आहे. दादूचं हसणं आहे, आत्याचं बोलणं आहे, राहीने मारलेली हाक आहे, गडगा आहे. मी सगळं पाहिलं.

१ नोव्हेंबर

गंगारामाला गावाने वाळीत टाकलं नाही. सकाळपासून त्याच्या अंगणात माणसं आहेत. दादूने गूळ नेला, कोणी पेंढा नेला. आमच्या अंगणातून आज कोणी गेलं नाही. आत्या दोनदा दारात जाऊन उभी राहिली.

भाऊंनी मुंबईस पत्र लिहायला सांगितलं, की निबंध छापू नये. कारण लिहू नको म्हणाले. मी कारण लिहिलं. सही करताना त्यांनी ते वाचलं, आणि सही केली.

२ नोव्हेंबर

घोडी खाली नेली.

कोंडवाड्याची दोन माणसं दोर आणि काठ्या घेऊन काल दिवसभर सड्यावर धावली, पण हाती शिंगरूसुद्धा लागलं नाही. शेवटी गंगाराम म्हणाला, "तुमास न्हाय यायची. मी आणतो." आज सकाळी तो मिठाचं गाठोडं घेऊन वर गेला. मी मागून गेले. त्याने जा म्हटलं नाही. पेटी माझी मीच उचलली होती.

तो उघड्या कातळावर बसला आणि मीठ पुढे ओतलं. हाक मारली नाही. ढवळी आली, मग दुसरी, मग बाकीच्या दोघी. त्यांच्यामागे दोन तरुण घोड्या आणि शिंगरं. काळा घोडा आणि धाकटा तरुण घोडा लांब उभे राहिले, हाकलून दिलेला त्याहून लांब, ते काही केल्या जवळ आले नाहीत. गंगारामाने काखेतून जुनी मोहरकी काढली. ढवळीने त्यात स्वतःहून तोंड घातलं. मी ते पाहिलं. तिने स्वतःहून घातलं.

बाकीच्या तिघींना त्याने बांधलंही नाही. त्या तिच्यामागे एकीमागे एक अशा उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या दोघींनी मधेच आपली जागा बदलून घेतली. सड्यावर त्या अशा कधी चालत नसत. काळा घोडा थोडं अंतर मागून आला, नेहमीसारखा मान खाली घालून त्यांना हाकू पाहत होता, पण त्या चालतच होत्या, दुसरीकडे. सड्याची कड आली तिथे तो थांबला. बराच वेळ खिंकाळत होता. एकही वळली नाही. शिंगरं वळली, आणि आयांमागे पळाली.

मी पेटी उघडली नाही.

"गंगाराम," मी म्हटलं. पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

तो पुढे बघून चालत होता. "गोळीनं मेली असती का, ताई? तुमास खरंच वाटलं दादू मारंल?"

"हो."

त्याने मोहरकीचा दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मंग तुमी तरी काय करणार व्हता," म्हणाला.

खाली उतरायची वाट एका ठिकाणी दोन मोठ्या खडकांमधून जाते. दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी रुंद आहे. ढवळी तिथे थांबली. तिने डाव्या खडकाकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे येऊन, अंग तिरकं करून, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडत हळूहळू पलीकडे गेली. पाठीवर गोणी नव्हत्या. तिच्यामागच्या तिघी तशाच गेल्या.

मग तिचं शिंगरू आलं. चार महिन्यांचं, खोगीर कधी न पाहिलेलं. तेही खडकाशी थांबलं, आईने पाहिलं तसं दोन्हीकडे पाहिलं, आणि आपल्या रिकाम्या पाठीच्या दोन्ही बाजूंना तेवढीच जागा सोडून, जपून, तिरकं होऊन गेलं.